मागच्या दाराच्या तीन पायऱ्या

नर्मदा येते एक दिवसाआड, पहाटे साडेपाचला.
आधी नळातून नुसती हवा, खोकत, शिव्या देत,
मग पाणी.
"आधी कढीपत्ता. मग मोगरा.
तुळशीला मी सांगेन तेव्हा."

चैत्रात मालिनीचे दोन्ही गुडघे बदलले.
तेव्हापासून ती मागच्या दारात, वेताच्या खुर्चीवर,
आणि मी तीन पायऱ्या खाली,
तिचे हात म्हणून नेमणुकीवर.
एकतीस वर्षं विम्याच्या कचेरीत काढली,
किती मेलेल्यांचे दावे मंजूर केले,
पण माझ्या हातून मेथीसुद्धा कधी उगवली नव्हती.

वैशाखात इथली काळी माती तडकते.
भेगेत मी पट्टी घालून पाहिली : नऊ इंच.
"मोजू नकोस, झाक," ती म्हणाली,
"वाळका पाला घाल."
दुपारी बाग नसतेच.
गळक्या तोटीखाली चोच उघडून उभी एक साळुंकी,
बाकी सगळं पांढरं.
रात्री मात्र अशी झुळूक सुटते माळव्याची
की दिवसाचं बिल कुणीतरी परस्पर भरून टाकलंय.

भिंतीपलीकडे चौरसियाबाई.
माहेरी पानमळे, वेलींशी त्यांचं गोत्र जुळतं.
ज्येष्ठात भिंतीवरून त्यांनी
राखेत लोळवलेला एक तुकडा दिला :
"गराडू है. आँख ऊपर रखना, भाईसाब,
और भूल जाना."
विसरणं मला जमतं. मालिनीला नाही.
दिनदर्शिकेच्या चौकटीत, दुधाच्या खाड्याखाली,
तिने लिहिलं : ग. लावला. पूर्व कोपरा. याने.

पावसाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.
चपलेला किलोकिलो चिखल,
झेंडू गोगलगायींनी खाल्ला.
उपटलेल्या गवताची पेंडी मी अभिमानाने वर धरली.
ती बराच वेळ पाहत राहिली.
"तो गवती चहा होता."
घोसाळ्याचा वेल भिंत चढला,
पलीकडे उतरताच गिलकी झाला,
आणि फळं सगळी तिकडेच धरली.
चौरसियाबाई निम्मी परत करतात,
भजी करून.

कार्तिकात ऊन पाठीवर हात ठेवू लागलं.
व्यायाम घ्यायला येणारी रुखसार रोज म्हणे,
"आंटी, आज सीढ़ी?"
मालिनी रोज म्हणे, उद्या.
दारापर्यंत ती चालायची, काठी टेकून,
उंबऱ्यावर थांबून पायऱ्यांकडे अशी बघायची
जशी बघतात न बोलणाऱ्या नातेवाइकांकडे.

पौषात गराडूची पानं पिवळी पडली, वेल झोपला.
मी खणायला बसलो.
तासभर नुसती माती, मग खट्.
फावडं लागलं ते थेट त्यालाच.
दोन तुकडे. पांढरा, चिकट चीक,
कोपरापर्यंत खाज.
मोठा तुकडा वर धरला,
एक्स-रेमधल्या जुन्या गुडघ्यासारखा, गाठाळ, हट्टी.
"इथून दिसत नाहीये," ती म्हणाली.
मी आणखी उंच धरला.
"नाही दिसत."

मग काठीचा आवाज.
मी मागे वळलो नाही.
हात द्यायला गेलो असतो
तर ती परत वर गेली असती, हे मला माहीत आहे,
बागकामातलं नसलं तरी एवढं माहीत आहे.
खड्डा उगाच उकरत राहिलो.
काठी. पाय. बराच वेळ काही नाही.
काठी.
चौरसियाबाईंकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.
पाय.

मग माझ्या खांद्यावर तिचा सगळा भार,
आणि खड्ड्यात डोकावून :
"फावडं उभं मारलंस ना?
तरीच."

संध्याकाळी फोडी तळल्या.
जिरावण जास्त पडलं, दोघंही खोकलो.
एक तुकडा राखेत ठेवलाय, ओट्याखाली, डोळ्यासकट.
झोपण्याआधी तिने दिनदर्शिका उतरवली, लिहिलं :
ग. काढला. अडीच किलो. तुटला. याने.
पायऱ्यांचं काही लिहिलं नाही.